सांगाड्याचा नाताळ, चांदीपची भिंत

रेल्वेच्या रुळांनी वसई तालुक्याचे दोन तुकडे केलेत. पश्चिमेला नंदाखाल, आगाशी, निर्मळ, सांडोर. तिकडे डिसेंबर लागला की दारोदार कागदी चांदण्या टांगतात, अंगणात गवताचे गोठे उभे राहतात आणि नेवऱ्या तळल्याचा वास गल्लीच्या तोंडाशीच गाठतो. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, भाताची खाचरं आणि चांदीपसारखी पाड्या-पाड्यांत विखुरलेली गावं. इकडे २५ डिसेंबर म्हणजे शाळेला सुट्टी, संपला विषय.

अशाच एका सुट्टीत मी विरारहून बहिणीकडे चांदीपला गेलो. सोबत मित्राचा उसना प्रोजेक्टर होता. ओसरीच्या भिंतीला पांढरी चादर ठोकली, शेजारची सात-आठ पोरं गोधड्या घेऊन बसली आणि सुरू झाला ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’. भुतांच्या गावचा राजा जॅक नावाचा सांगाडा. दरवर्षी लोकांना घाबरवून कंटाळतो, चुकून नाताळच्या गावात जाऊन पोहोचतो आणि ‘यंदा नाताळ आपण करायचा’ म्हणून सांताक्लॉजलाच पळवून आणतो. पाच मिनिटं झाली असतील नसतील, नऊ वर्षांच्या भाच्याने विचारलं, “मामा, हा भुताचा आहे की नाताळचा?”

वाद जुनाच

भाच्याला वाटलं, हा प्रश्न आपल्यालाच सुचला. चित्रपट आला १९९३च्या ऑक्टोबरात आणि तेव्हापासून लोक हेच विचारतायत. ऑक्टोबरात बघायचा की डिसेंबरात? शेवटी २०१५मध्ये अमेरिकेतल्या टेलुराइडच्या भयपट महोत्सवात दिग्दर्शकालाच कोणी तरी गाठलं. त्याने सांगून टाकलं, की हा हॅलोविनचा चित्रपट. वाद अर्थातच मिटला नाही. वाद असे मिटत नसतात.

कल्पना सुचली तीसुद्धा या दोन सणांच्या शिवेवरच. अमेरिकेतल्या एका दुकानात हॅलोविनचा माल उतरवून त्याच फळीवर नाताळचा माल चढवत होते, ते या गोष्टीचा मूळ जनक टिम बर्टन याने पाहिलं. आपल्याकडे गणपतीची मखरं उतरायच्या आत आकाशकंदील लटकायला लागतात ना, अगदी तसंच. तेव्हा बर्टन डिस्नेत नोकरीला होता. १९८२मध्ये त्याने यावर एक कविता लिहिली. डिस्नेने ती बाजूला ठेवून दिली आणि पुढे बर्टन ‘बॅटमॅन’ करून मोठा झाल्यावर ती पुन्हा बाहेर निघाली.

हॅलोविन म्हणजे नक्की काय?

पोरांना हे सांगायला मी सर्वपित्री अमावास्येची मदत घेतली. एक नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि त्याची आदली रात्र हॅलोविनची. दोन नोव्हेंबरला मृतांचं स्मरण. त्या दिवशी वसईच्या दफनभूमीत गेलात तर कबरी धुऊन-पुसून फुलांनी सजवलेल्या दिसतील आणि संध्याकाळी मेणबत्त्यांची रांगच रांग. म्हणजे मूळ सण आमच्या तालुक्यातही आहे, फक्त तो शांतपणे होतो. भोपळा कोरून दिवा लावायचं खूळ तेवढं परकं. तेही मुळात भोपळ्याचं नव्हे. आयर्लंडमधले लोक सलगम कोरायचे. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. सलगमपेक्षा मोठा, कोरायला मऊ. आपल्या गोष्टीतली म्हातारी त्यात बसून लेकीच्या घरून परत आली, यांनी त्यात मेणबत्ती बसवली.

नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा

चित्रपटाच्या नावाआधी ठसठशीत अक्षरात ‘टिम बर्टन’ असतं, त्यामुळे दिग्दर्शक तोच, असं निम्म्या जगाला वाटतं. दिग्दर्शक आहे हेन्री सेलिक. बर्टन त्या काळात ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये अडकला होता. सेलिकच्या सांगण्याप्रमाणे सगळ्या कामात मिळून बर्टन सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओत आठ-दहा दिवस आला असेल. गोष्ट, पात्रांची रेखाटनं आणि निर्मिती बर्टनची, हे खरंच. पण तीन वर्षं खपून तो सांगाडा चालवला तो सेलिकच्या माणसांनी. लग्नपत्रिकेवर नाव आजोबांचं आणि मांडवाचे बांबू पुरले काकांनी, त्यातली गत.

चारशे मुंडकी

आता मुद्द्याची गोष्ट. स्टॉप-मोशन म्हणजे बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, परत किंचित हलवायची, परत फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फोटो लागतात. चित्रपट ७६ मिनिटांचा. बोटांवर हिशेब करा: १ लाख ९ हजार ४४०. शंभरावर माणसं आठवडाभर राबली की जेमतेम मिनिटभराचं काम हाती लागायचं.

जॅक बोलतो तेव्हा त्याचे ओठ हलत नाहीत, कारण त्याला ओठच नाहीत. प्रत्येक भावाला आणि प्रत्येक उच्चाराला वेगळं डोकं. अशी चारशेच्या आसपास डोकी बनवून ठेवलेली. ‘आ’ म्हणताना एक, ‘ओ’ म्हणताना दुसरं, भुवई चढवायची तर तिसरं. सॅली नावाची चिंध्यांची बाहुली आहे, तिचे मात्र केस लांब. सबंध डोकं बदललं तर दर वेळी केस विस्कटणार. म्हणून तिचा फक्त चेहरा बदलायचे, मुखवट्यासारखा. ही युक्ती मला सगळ्यात आवडली. अडचण केसांची, उत्तर मुखवट्याचं.

जॅकच्या काळ्या सुटावरच्या पांढऱ्या रेघाही अशाच. आधी सूट नुसता काळा होता. चाचणी घेतली तर काळ्या देखाव्यात जॅक गायब, नुसतं डोकं तरंगतंय. मग रेघा ओढल्या. आज तो सूट जगभर विकला जातो. बाहुल्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून देखाव्यांत चोरदारं ठेवली होती. कलाकार खालून घुशीसारखा डोकं वर काढायचा, बाहुली इवलीशी हलवायचा आणि परत खाली.

जॅकचं मुंडकं त्याच्या स्वतःच्या चित्रपटाआधी पाच वर्षं पडद्यावर येऊन गेलंय, बरं का. बर्टनच्या १९८८च्या ‘बीटलज्यूस’मध्ये भुताच्या टोपीच्या शेंड्यावर बघा. त्याच्या झीरो नावाच्या भूत-कुत्र्याचं नाकसुद्धा नीट बघा. ते कोरलेला, आत दिवा लावलेला इवलासा भोपळा आहे.

एक बोलतो, दुसरा गातो

जॅकचं बोलणं ख्रिस सॅरंडनचं आणि गाणं डॅनी एल्फमनचं. हिंदी चित्रपट बघणाऱ्याला यात नवल नाही, आपण जन्मभर तेच ऐकत आलो. नवल वेगळंच आहे. पटकथा पुरी व्हायच्या आधी गाणी तयार होती. बर्टन येऊन रेखाटनं दाखवायचा, गोष्टीचा एक तुकडा सांगायचा आणि एल्फमन त्यावर गाणं करायचा. त्याचं फळ आणि त्याचा त्रास, दोन्ही चित्रपटात दिसतं. त्रासाकडे येतोच.

त्याच वर्षी डायनोसॉर आले

ऑस्करला या चित्रपटाला दृश्य-परिणामांसाठी नामांकन होतं. समोर कोण? ‘जुरासिक पार्क’. आणि गंमत अशी, की स्पीलबर्ग डायनोसॉर आधी अशाच हाताने हलवायच्या बाहुल्यांच्या तंत्राने करणार होता. मग संगणकावरचे नमुने बघितले आणि बेत बदलला. बक्षीस डायनोसॉर घेऊन गेले. लाखभर फोटो हाताने काढणाऱ्यांच्या नाकासमोरून, त्यांच्याच वर्षी.

डिस्नेलाही हा चित्रपट जरा जास्तच काळा वाटला होता. पोरं घाबरतील म्हणून त्यांनी तो आपल्या नावाने न आणता टचस्टोन या भावंड-कंपनीच्या नावाने आणला. पुढे पैसा दिसला आणि भीती पळाली. २००१पासून डिस्नेलँडमधली भुताची हवेली दरवर्षी जॅकच्या रंगात सजते. २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जपून ठेवायच्या राष्ट्रीय यादीत घातला. नको म्हटलेली सून शेवटी घर चालवते ती अशी.

वाटाणा, काड्या आणि मेलेले किडे

इथे प्रोजेक्टर दोन मिनिटं बंद करून मी पोरांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. आपल्या सिनेमाची सुरुवातच मुळात ख्रिस्ताच्या चित्रपटाने झालीय. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू आणि डोळ्यांपुढे राम-कृष्ण, अशी त्यांची अवस्था झाली. १९१२मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. पण भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटतो, वेल चढते. ही ‘अंकुराची वाढ’. ती दाखवून पैसे उभे राहिले आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

वाटाणा आपला आपण वाढत होता, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ते स्टॉप-मोशनचं सख्खं नव्हे, चुलत भावंड. सख्खं आलं १९१५मध्ये, ‘आगकाड्यांची मौज’. काड्यापेटीतल्या काड्या हाताने हलवून पडद्यावर नाचवल्या. ती फीत आज उरलेली नाही. फाळके जादूचे प्रयोगही करायचे, तेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. उलटं वाचा. पोरांनी लगेच आपापली आडनावं उलटी करून पाहिली आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली.

फाळके वाटाण्यापुढे बसले त्याच १९१२मध्ये तिकडे मॉस्कोत लादिस्लाव स्तारेविच मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय लावून सिनेमा करत होता. किड्यांमधल्या नवरा-बायकोच्या भानगडींचा. लोकांना वाटलं, याने किडे शिकवून तयार केलेत. एकाच्या हाती जिवंत वाटाणा, दुसऱ्याच्या हाती मेलेला भुंगा. धीर मात्र दोघांचा सारखाच.

नंतरही मुंबईत हे काम थांबलं नाही. चॅनल व्ही या वाहिनीवरचा मातीचा सिंपू आठवत असेल. सुरेश एरियतच्या मुंबईतल्या ईकसॉरस स्टुडिओने २०१७मध्ये ‘टोकरी’ आणली. वडिलांचं घड्याळ एका मुलीच्या हातून बिघडतं आणि दुरुस्तीच्या पैशांसाठी ती रस्त्यावर टोपल्या विकते. पंधरा मिनिटांच्या आतबाहेरची. मुंबईचा सिग्नल, गाड्या, पाऊस, सगळं हाताने केलेलं. जॅक बघा न बघा, ही बघाच.

आमची सोंगं

सॅलीचा चेहरा बदलतात हे सांगितल्यावर शेजारच्या आजी गोधडीतून म्हणाल्या, “म्हंजे बोहाडाच की.” आजींनी माझ्या लेखाचा निम्मा भाग तिथेच लिहून टाकला. आमच्या पालघर जिल्ह्यात वर जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, टेंभ्यांचा हलता उजेड, संबळ आणि पिपाणी, आणि रात्रभर एकेक सोंग नाचत येतं. गणपती येतो, रावण येतो, नारसिंह येतो. मुखवट्याचं तोंड हलत नाही, पण खालचं अंग असं हलतं की तोंडही हलल्यासारखं वाटतं. जॅकच्या बाबतीत तेच. त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या आहेत, तरी तो उदास झालेला कळतो. खांदे पाडले की कळतो.

भीतीचा आणि सणाचा संसार आपल्याला नवा नाहीच. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत दोन-दोन माणसं उंचीचे नरकासुर उभे राहतात आणि उजाडायच्या आत जाळले जातात. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत ३१ डिसेंबरला जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ जाळतात. आणि पांढरपेशी मराठी घरांत? दिवाळी अंक! चकली खात नारायण धारपांची भुतं वाचायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ त्यासाठीच घरात यायचे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातल्या चिंची चेटकिणीला बघून तर पोरं घाबरतही होती आणि तिच्याच मागे लागतही होती. तिचं सोंग आधी दिलीप प्रभावळकरांनी घेतलं, पुढे वैभव मांगलेंनी. भुतांच्या गावात चिंची सहज खपली असती. तिकडचे रहिवासी काही वाईट नाहीत. घाबरवणं हा त्यांचा धंदा आहे, आणि तो ते मन लावून करतात. चित्रपटाचं सगळ्यात मोठं आकर्षण माझ्या मते हेच.

आता उणं

हाताच्या कामाला दहापैकी दहा. गोष्टीला मी सहाच्या वर जात नाही.

पहिली तक्रार शेवटाची. जॅक मुलांना भेटी म्हणून साप, कापलेली मुंडकी आणि चावरी खेळणी वाटतो, सगळीकडे हाहाकार माजतो, सैन्य त्याची घसरगाडी तोफेने उडवतं. मग तो एका पुतळ्याच्या हातात पडून एक गाणं म्हणतो आणि शहाणा होतो. एका गाण्यात! दुसऱ्याचा सण समजून न घेता उचलून नेला, याची बोच त्याला दोन मिनिटंही पुरत नाही. अख्ख्या गोष्टीचा गाभा हाच होता आणि तिथेच गाडी चौथ्या गिअरमध्ये.

दुसरी, सॅली. सगळ्यात आधी धोका कळतो तिला. स्वतःचा हात स्वतः उसवून परत शिवते, मालकाला विष घालून पळते. एवढी जबर बाई आणि शेवटी तिच्या वाट्याला काय? पकडलं जाणं आणि सोडवलं जाणं. तिचं जॅकवरचं प्रेमही आपण मान्य करायचं, दाखवायला वेळ नाही. बहीण म्हणाली, “आपल्याकडे निदान पावसातलं एक गाणं तरी दिलं असतं.”

तिसरी, खलनायक. उगी बुगी म्हणजे किड्यांनी भरलेलं पोतं. कॅब कॅलोवे या जॅझ गायकाच्या ढंगावर बेतलेलं. दिसायला एक नंबर, गाणंही झकास. पण त्याचं जॅकशी वाकडं का, तो त्या तळघरात का, कशाचा पत्ता नाही. शेवटी मारामारी हवी म्हणून आणून ठेवलेला पाहुणा.

गाण्यांचंही तसंच. गाणी आधी आली आणि गोष्ट त्यांच्या मधल्या फटीत बसवली, हे जाणवतं. थोड्या थोड्या वेळाने कोणी ना कोणी गातंय. इंग्रजी यमकं चांदीपच्या पोरांच्या डोक्यावरून गेली. दोन पोरं अर्ध्यात शेंगा आणायला उठली. काही कोट्या तर समजावून सांगाव्या लागल्या. भुतांना सांताक्लॉज हे नाव नीट ऐकू येत नाही, ते ‘सँडी क्लॉज’ म्हणतात. तिकडे क्लॉज म्हणजे नख्या. मग जॅक सगळ्यांना सांगतो, तो नख्यावाला राक्षस आहे. हे कळल्यावर पोरं हसली, पण तोवर तो प्रसंग केव्हाच पुढे गेला होता.

शेवटची तक्रार माझी नव्हे. पश्चिम पट्ट्यातून आलेली भाचीची मैत्रीण त्या रात्री मुक्कामाला होती. तिच्या घरी दरवर्षी गोठा करतात, आधीपासून नाचणी पेरून हिरवळ उगवून घेतात. ती शांतपणे म्हणाली, “यात गोठाच नाही.” खरंच नाही. ७६ मिनिटांच्या नाताळात बाळ येशूचा मागमूस नाही. दिवे आहेत, खोके आहेत, बर्फ आहे. जंगलातल्या सात झाडांना सात सणांची दारं आहेत. त्यांत ईस्टरचं अंडं आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा फटाकासुद्धा आहे. नाताळचं दार उघडल्यावर आत मात्र फक्त दुकान. जॅकला सण कळला नाही यात त्याचा दोष थोडा, आणि ज्यांनी त्याला दाखवला त्यांचा जास्त.

१२० फोटो

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भाचा पालथा पडलेला दिसला. दिवाळीतला किल्ला अजून अर्धा शिल्लक होता, तटावर रंग उडालेला एक मावळा. दोन विटांच्या मध्ये आईचा फोन उभा. मावळा गव्हाच्या दाण्याएवढा सरकवायचा, फोटो काढायचा. सेकंदाला २४ त्याला झेपेनात म्हणून १२वर आला. दहा सेकंदांना १२० फोटो. दुपारपर्यंत मावळा तटावरून चालत आला, बुरुजावर थांबला आणि खाली पडला. मध्येच एका फोटोत भाच्याचा अंगठा आलाय, नखात माती. मी म्हटलं, तेवढा काढून टाक. तो म्हणाला, “राहू दे, तो मीच आहे.”

तुमच्या घरी पोरं असतील, सुट्टी असेल आणि माळ्यावर मावळे पडले असतील, तर हे करून बघा. काळा-पांढरा सांगाडाच पाहिजे असं नाही, करंजीही चालेल. फक्त फोन विटांत घट्ट बसवा. आमचा पहिल्यांदा ४१व्या फोटोला आडवा झाला आणि सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं.